मदत हवी आहे: भुसावळच्या उन्हात राहिलेली जुनी इलेक्ट्रिक कार घ्यावी का? बॅटरी कशी तपासावी?

नमस्कार मंडळी,

२०२१ची एक सेकंडहँड इलेक्ट्रिक कार बघून ठेवली आहे. रोजचं जाणं-येणं भुसावळ-जळगाव, धरून चाला ५० किमी, त्यामुळे रेंजची चिंता नाही. चिंता बॅटरीची आहे.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ला टेकतो. ही गाडी आजवर पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची. दुपारी त्या शेडमध्ये गेलो तर वरून नुसती भट्टी पेटलेली. मालक म्हणतात, रोज रात्री लावायचो आणि १०० टक्के करूनच काढायचो. ऊन आणि फुल चार्ज एकत्र आले की लिथियमचे सेल लवकर थकतात, एवढं मला माहीत आहे. पण या गाडीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल आहेत, आणि ते अधूनमधून १०० टक्के करा असं कंपन्याच सांगतात, नाहीतर किती चार्ज उरलाय याचा बीएमएसचा (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा) हिशोब चुकतो. अधूनमधून ठीक, पण असल्या उन्हाळ्यात रोज?

घरात दोन तट पडलेत. मार्च २०२२मध्ये पुण्यात भररस्त्यात स्कूटर पेटली, जूनमध्ये वसईत कार जळाली, ते व्हिडिओ पाहिल्यापासून आप्पा नाहीच म्हणतात. पुतण्याचं म्हणणं, एलएफपी सेल एनएमसीपेक्षा (निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलपेक्षा) बऱ्याच जास्त तापमानापर्यंत तग धरतात, शिवाय डिसेंबर २०२२पासून सरकारने बॅटरीच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कडक केल्यात. दोघांचंही बरोबर आहे. पण ही गाडी त्या कडक चाचण्यांच्या आधीची, हे दोघंही विसरतात. आणि ती आमच्या ओसरीला लागून रात्रभर चार्जिंगला राहणार, आत लेकरं झोपलेली असणार. म्हणून आप्पांची भीती मला उडवून लावता येत नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. घर जुनं, मीठ-कोळशाचा खड्डा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात. पाणी ओतलं की तेवढ्यापुरतं बरं. चार्जरसाठी वेगळी लाइन, स्वतंत्र अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवणारच आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत केमिकल अर्थिंग (मीठ-कोळशाऐवजी ओल धरणारी पावडर भरलेलं) टिकतं का, हे कोणी वापरून पाहिलं असेल तर सांगा.

मुख्य प्रश्न बॅटरीच्या तब्येतीचा. सर्व्हिस सेंटरला एसओएच (नव्याच्या तुलनेत बॅटरीची किती क्षमता उरलीय तो आकडा) लिहून मागितला, तर "गाडी चांगली आहे" एवढंच तोंडी उत्तर मिळालं. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून येणाऱ्या आकड्यावर कितपत विसंबावं? की १०० टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत जळगाव-धुळे रस्त्यावर चालवून किमी मोजणं जास्त खरं? गाडीखालच्या बॅटरी पॅकला दगड लागून पोचा आलाय का, हे लिफ्टवर चढवून बघणार आहे. आणखी काय बघू? ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला पूर्ण मिळाली असा कोणाचा अनुभव आहे का, आणि त्यासाठी कोणते कागद लागले?

पुण्या-मुंबईच्या हवेतले अनुभव बरेच वाचलेत. जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा विदर्भात ज्यांनी निदान दोन-तीन उन्हाळे काढलेत, त्यांनी तेव्हाची आणि आताची रेंज सांगितली तर फार मदत होईल. बयाणा अजून दिलेला नाही.