‘क्रिटिकली इव्हॅल्युएट’ म्हणजे नेमके काय लिहायचे?

प्रश्न
नमस्कार. पुण्यातून पदवी घेऊन मी सध्या इंग्लंडमध्ये डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये एमए करते आहे. पहिल्या असाइनमेंटमध्ये महाराष्ट्राची रोजगार हमी योजना ‘क्रिटिकली इव्हॅल्युएट’ करायला सांगितली होती. योजनेचा इतिहास, नियम, लाभार्थी असे सगळे मुद्दे मी मन लावून लिहिले, तरी ५८ गुण मिळाले आणि शेऱ्यात ‘वर्णन जास्त, विश्लेषण कमी’ असे म्हटले आहे. पदवीला नेहमी ७५ च्या वर गुण मिळत असल्यामुळे मी फार खचले आहे. माझे नेमके कुठे चुकले?

उत्तर १
आधी गुणांविषयी. तिथे एमएला साधारणपणे ५० ला उत्तीर्ण, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन धरतात, त्यामुळे आपल्याकडच्या टक्केवारीशी ५८ ची तुलना करू नका.

जितकी माहिती जास्त तितके गुण जास्त, ही सवय आपल्या अंगात इतकी मुरलेली असते की प्रश्नातल्या क्रियापदाकडे आपले लक्षच जात नाही. ‘डिस्क्राइब’ म्हटले असते, तर तुमचे उत्तर योग्यच ठरले असते. ‘क्रिटिकली इव्हॅल्युएट’मध्ये नुसती टीकाही अपेक्षित नसते, निकष ठरवून, दोन्ही बाजूंचे पुरावे तोलून स्वतःचा निष्कर्ष मांडायचा असतो. ‘१९७२ च्या दुष्काळात योजना सुरू झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला’ हे वर्णन झाले. ‘कायद्यामुळे काम मागणे हा हक्क झाला, परंतु १५ दिवसांत काम देण्याचे बंधन जिथे पाळले गेले नाही, तिथे तो हक्क कागदावरच राहिला’ असे म्हणून त्याला पुराव्याची जोड दिली, की मूल्यमापन सुरू होते.

उत्तर २
मी तिकडेच शिकवते. मार्किंग रुब्रिकमधला, म्हणजे गुण देण्याच्या निकषांच्या तक्त्यातला, ६० ते ६९ चा रकाना समोर ठेवा आणि आपला प्रत्येक परिच्छेद त्यातल्या कोणत्या निकषासाठी लिहिला आहे, ते समासात पेन्सिलीने लिहा. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही, तो परिच्छेद शब्दमर्यादा वाया घालवतो. शेऱ्याचा अर्थ प्राध्यापकांना भेटून अवश्य विचारा. आपल्या मुलांना तो उद्धटपणा वाटतो, पण त्यासाठीच त्यांनी भेटीची वेळ राखून ठेवलेली असते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. समासात लिहून पाहिले, तर नऊपैकी सात परिच्छेदांसमोर ‘माहिती’ एवढेच लिहिता आले. गुरुवारी प्राध्यापकांची वेळ घेतली आहे.