नोंदणी दिवंगत वडिलांच्या नावावर, विक्रेता मुलगा: वापरलेली गाडी घेण्यापूर्वी काय काय तपासावे?

वाटसरू

नमस्कार. कुटुंबासाठी सात वर्षे वापरलेली एक गाडी घेण्याचे आम्ही जवळजवळ नक्की केले आहे. गाडी दोनदा पाहिली, चालवून पाहिली, आणि आम्हा दोघांनाही ती आवडली. विक्रेतेही बोलायला सरळ वाटले. मात्र नोंदणी प्रमाणपत्रावर त्यांच्या वडिलांचे नाव आहे आणि वडील गेल्या वर्षी वारले. गाडीवर काढलेले कर्ज वडिलांनीच फेडले होते असे ते सांगतात, पण बँकेचे पत्र घरात शोधावे लागेल असेही म्हणाले. वडिलांनी हयातीत त्यांना कुलमुखत्यारपत्र करून दिले होते; त्याच्या आधारे आपण सही करू आणि गाडी तुमच्या नावावर होईल, असे त्यांचे म्हणणे आहे.

मीटरवर ५२ हजार किलोमीटर दिसतात. सर्व्हिसच्या नोंदी पहिल्या चार वर्षांच्या आहेत, पुढच्या नाहीत. रविवारी दुसरे गिऱ्हाईक येणार असल्यामुळे त्याआधी विसार द्यावा, असा त्यांचा आग्रह आहे.

आजवर मी कधी वापरलेली गाडी घेतलेली नाही. ही गाडी विकण्याचा अधिकार या गृहस्थांना आहे की नाही हे कसे पाहावे, आणि गाडीचा मागचा इतिहास खरा आहे की नाही हे माझ्यासारख्या माणसाला किती कळू शकते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दस्तऐवज

तुमच्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कुलमुखत्यारपत्राची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. कुलमुखत्यारपत्र देणारी व्यक्ती वारली की बहुतेक सर्व कायदेपद्धतींत ते पत्र त्याच क्षणी निष्प्रभ होते. त्यावरची सही अस्सल असेल, शिक्का अस्सल असेल, तरी वडिलांच्या पश्चात त्या कागदावर झालेली विक्री टिकणार नाही. विक्रेते तुम्हाला फसवत आहेत असे मी म्हणत नाही. अनेकांना हे प्रामाणिकपणे माहीत नसते. पण त्यांचा प्रामाणिकपणा तुम्हाला मालकी मिळवून देणार नाही.

गाडी आज वारसांची आहे, आणि मुलगा हा त्यांपैकी एक असू शकतो. आई आहेत का, भाऊ-बहिणी आहेत का, मृत्युपत्र आहे का, हे संकोच न करता विचारा. योग्य क्रम असा की आधी नोंदणी कार्यालयात गाडी वारसाच्या नावावर व्हावी, इतर वारसांची लेखी संमती त्या प्रकरणात जोडलेली असावी, आणि मगच त्या वारसाने ती तुम्हाला विकावी. ही दोन हस्तांतरणे एकाच दिवशी 'मॅनेज' करून देतो असे सांगणारा दलाल भेटला, तर त्याचे ऐकू नका.

नोंदणी प्रमाणपत्र म्हणजेच मालकीचा पुरावा, असा समज जगभर आढळतो आणि अनेक ठिकाणी तो चुकीचा आहे. ब्रिटनमधील व्ही५सी या नोंदणीपत्रावर तर गाडी कोणाच्या जबाबदारीत आहे एवढेच नोंदलेले असते, आणि तो मालकीचा पुरावा नाही असे त्या कागदावरच छापलेले असते. रोमन कायद्यापासून चालत आलेले एक तत्त्व इथे लागू पडते: जे आपले नाही ते दुसऱ्याला देता येत नाही. चोरीची गाडी तुम्ही पूर्ण किंमत मोजून, निर्मळ मनाने घेतली असली तरी साधारणपणे ती मूळ मालकाकडे परत जाते आणि तुमच्या हाती राहतो तो फक्त विक्रेत्यावरचा दावा, तोही विक्रेता सापडला तर. म्हणून चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला ओळख क्रमांक) घेऊन चोरीच्या गाड्यांच्या सरकारी नोंदीत तो पाहून घ्यावा.

आता कर्ज. कर्ज फिटणे आणि नोंदीतून बँकेचा बोजा उतरणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यामध्ये कधीकधी अनेक वर्षे जातात, कारण शेवटचा हप्ता भरल्यावर माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि उरलेला एक अर्ज करायचा राहून जातो. विक्रेत्याच्या हातातील पत्राच्या छायाप्रतीवर विसंबू नका. त्यांना सोबत घेऊन बँकेच्या शाखेत जा आणि खाते बंद झाल्याची खात्री तिथेच करून घ्या. काही रक्कम शिल्लक निघाली, तर ती तुमच्या पैशातून थेट बँकेच्या खात्यात भरावी, विक्रेत्याच्या हातात देऊ नये. काही देशांत अनभिज्ञ खरेदीदाराला कायद्याचे थोडे संरक्षण असते. ब्रिटनच्या १९६४ च्या हायर-पर्चेस (हप्त्यांनी खरेदी) कायद्यात तशी तरतूद आहे. परंतु तुम्हाला कर्जाची माहिती आधीच आहे, त्यामुळे असे संरक्षण जिथे असेल तिथेही ते तुमच्या उपयोगी पडेलच असे नाही.

प्रमाणपत्रावर 'दुय्यम प्रत' असा शेरा असेल तर मूळ प्रत कुठे गेली हे विचारा. ती खरोखर हरवलेली असू शकते, तशीच ती एखाद्या सावकाराकडे तारण पडलेलीही असू शकते. थकलेले दंड आणि कर अनेक ठिकाणी गाडीच्या मागे लागून येतात, त्यांची नोंद पाहून घ्या. आणि रविवारच्या आधी विसार देऊ नका. अगदी द्यायचाच झाला, तर बोजा उतरला नाही किंवा वारसनोंद झाली नाही तर तो पूर्ण परत मिळेल, असे लिहून घेतल्यावरच द्या.

गॅरेजवाला

कागदांबद्दल वर लिहिले आहे ते योग्यच आहे. मी फक्त एवढे जोडतो की ते कागद याच गाडीचे आहेत का, हे गाडीला विचारावे लागते.

दिवसाउजेडी जा, सोबत टॉर्च आणि ओले फडके न्या. चासी नंबर १७ अक्षरांचा असतो. अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून तो तसा ठरला आणि आज तीच पद्धत जवळपास सगळीकडे आहे. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. नंबरात 'ओ' दिसला तर एक तर वाचणाऱ्याची चूक आहे किंवा ठोकणाऱ्याची. पहिली तीन अक्षरे उत्पादकाची ओळख सांगतात. दहावे अक्षर बहुतेक उत्पादक मॉडेलच्या वर्षासाठी वापरतात, मात्र सगळ्या देशांत तशी सक्ती नाही. 'एच' म्हणजे २०१७, 'जे' म्हणजे २०१८, आणि मधला 'आय' वगळलेला.

हा नंबर गाडीवर एकाहून अधिक ठिकाणी असतो: बॉडीच्या पत्र्यावर ठोकलेला, दाराच्या खांबावरील पट्टीवर, आणि बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात. सर्व ठिकाणचा नंबर एकच हवा, आणि तोच प्रमाणपत्रावर हवा. ठोकलेल्या नंबरावर टॉर्चचा उजेड सरळ न टाकता तिरका टाका. कारखान्यात ठोकलेली अक्षरे एका रेषेत आणि सारख्या खोलीची असतात. आजूबाजूचा पत्रा घासल्यासारखा वाटला, एखादे अक्षर जास्त खोल गेलेले दिसले, किंवा तेवढ्याच चौकोनात रंगाचा पोत वेगळा लागला, तर तिथेच थांबा. इंजिनचा नंबर वेगळा निघाला तर लगेच घाबरू नका. इंजिन कायदेशीरपणे बदलता येते, पण तो बदल नोंदणीत चढलेला असला पाहिजे.

यानंतर गाडीचे वय तिच्या सुट्या भागांना विचारा, कारण प्रत्येक भागावर त्याची जन्मतारीख कुठे ना कुठे असते. काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाच्या चिन्हाखाली वर्षाचा आकडा असतो, सोबत बहुधा काही ठिपके. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तळाशी शिवलेल्या पट्टीवर तारीख सापडते. टायरवर डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीतील शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर बदललेले असणारच, त्याचे काही नाही. पण सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एका बाजूचा बेल्ट तीन वर्षांनी तरुण असेल, तर त्या बाजूला काय झाले होते हे विक्रेत्याने सांगितले पाहिजे. मोठ्या धडकेत बेल्टच्या आतील यंत्रणा एकदाच सुटते आणि नंतर ती बदलावी लागते.

बेल्ट ओढलेलाच असताना त्याच्या मुळाशी पाण्याचा डाग आहे का तेही पाहा. पुरात उभी राहिलेली गाडी बाहेरून इतकी लख्ख करता येते की मलासुद्धा पहिल्या नजरेत कळत नाही. पण स्टेपनीच्या खळग्यात, सीटच्या पट्ट्यांवर आणि गालिच्याखालच्या फोममध्ये बारीक गाळ राहतोच. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर अमेरिकेत अशा बुडालेल्या गाड्या दुरुस्त करून दूरच्या राज्यांत विकल्या गेल्या होत्या, आणि काहींच्या कागदांवरचा 'टोटल लॉस'चा, म्हणजे गाडी दुरुस्त करण्याच्या लायकीची नसल्याचा, शेरा राज्य बदलताना गळून पडला होता. त्यामुळे गाडी किती वेळा आणि कुठून कुठे नोंदली गेली, हा इतिहासही मागून घ्या.

सावली

मला मीटरबद्दल लिहायचे आहे, कारण तिथे मी फसले आहे. एका विक्रेत्याकडून मी ६४ हजार किलोमीटर चाललेली म्हणून एक गाडी घेतली. चार महिन्यांनी फ्यूजचा तक्ता पाहण्यासाठी डॅशबोर्डच्या खणातील माहितीपुस्तक काढले. त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात, मागच्या कप्प्यात, टायर बदलल्याचे एक घडी घातलेले बिल होते. बिल तीन वर्षांपूर्वीचे, आणि त्यावर हाताने लिहिलेले किलोमीटर होते १,१८,०००. मीटर मागे फिरवणाऱ्याने गाडी धुतली, सीटवर नवी कव्हरे चढवली, पण ते पाकीट उघडून पाहिले नाही. आणि खरे सांगायचे तर घेण्याआधी मीही पाहिले नाही.

तुमच्या गाडीच्या शेवटच्या तीन वर्षांच्या सर्व्हिसच्या नोंदी नाहीत, हे मला खटकते. सात वर्षांत ५२ हजार अशक्य नाही, वयस्क माणसाची गाडी असेल तर अगदी सहज शक्य आहे. मात्र चौथ्या वर्षाच्या शेवटच्या नोंदीत किलोमीटर किती होते ते आधी पाहा. तिथेच ४८ हजार असतील, तर पुढील तीन वर्षांत गाडी फक्त चार हजार कशी चालली याचे कारण त्यांनी द्यायला हवे. वडील आजारी होते आणि गाडी उभीच होती, हे उत्तर खरे असू शकते. पण मग बॅटरी, टायर आणि ब्रेक यांच्यावरही उभ्या गाडीच्या खुणा दिसायला हव्यात. विमा नूतनीकरण, प्रदूषण तपासणी, टायर, बॅटरी, जे कोणते बिल मिळेल ते मागा आणि तारखेसमोर किलोमीटर मांडत जा. आकडा कुठेही मागे जाता कामा नये. बेल्जियममध्ये २००६ पासून विक्रेत्याला कार-पास नावाचा असाच अधिकृत दाखला द्यावा लागतो; जिथे ती सोय नाही तिथे तो तक्ता आपणच बनवायचा.

अनेक गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरखेरीज गिअरबॉक्सच्या किंवा ब्रेकच्या कंट्रोल युनिटमध्येही राहते आणि चांगल्या स्कॅनरवर ती वाचता येते. ब्रेकच्या पॅडलचे रबर आणि स्टिअरिंगची हाताखालची बाजू तर कुणालाही तपासता येते. जिथे अंगठा टेकतो तिथले चामडे गुळगुळीत चकाकत असेल, तर ५२ हजारांच्या आकड्यावर शंका घ्या. शेवटचे एक: चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर कोणीतरी तो दिवाच बंद केलेला असू शकतो.

वाटसरू

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. मी विसार दिला नाही आणि रविवारचे गिऱ्हाईकही आले नाही. काल टॉर्च घेऊन गेलो. चासी नंबर तिन्ही ठिकाणी सारखा आहे, प्रमाणपत्राशी जुळतो, अक्षरे स्वच्छ आहेत. चौथ्या वर्षाच्या नोंदीत ४१ हजार होते, आणि नंतरची दोन बॅटरीची बिले मिळाली, त्यांवरचे आकडे चढत्या क्रमाने आहेत. फक्त मागच्या डाव्या दाराची काच इतर काचांपेक्षा दोन वर्षांनी नवी निघाली. दगड लागून फुटली होती असे ते म्हणाले.

बँकेचे पत्र सापडले आहे आणि शाखेनेही खाते बंद असल्याचे सांगितले, परंतु नोंदणीत बँकेचे नाव अजून आहे. शिवाय त्यांची एक बहीण परदेशात राहते. तिची संमती कशी घ्यावी?

दस्तऐवज

आधी बोजा उतरवून घ्या. त्यासाठी लागणारे बँकेचे पत्र ताज्या तारखेचे मागतात का, हे नोंदणी कार्यालयात विचारा. जुने पत्र कधीकधी परत पाठवले जाते आणि महिना वाया जातो. बहिणीने ती राहते तिथल्या नोटरीसमोर संमतीपत्रावर सही करावी. दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात असतील तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी दाखला, घेता येते, नसतील तर दूतावासाकडून साक्षांकन घ्यावे लागते. कार्यालय यांपैकी काय स्वीकारते हे तिने सही करण्यापूर्वीच विचारून ठेवा, म्हणजे तिला दुसऱ्यांदा धावपळ करावी लागणार नाही. पैसे वारसनोंद झालेल्या व्यक्तीच्या खात्यात जमा करा, आणि गाडी ताब्यात घेताना तारखेसोबत वेळही लिहून दोघांनी सह्या करा, कारण त्या दिवशी सकाळी झालेला दंड त्यांचा आणि संध्याकाळचा तुमचा असेल. विमाही आपोआप तुमच्या नावावर येत नाही, तो त्याच दिवसापासून सुरू होईल अशी व्यवस्था करा.

गॅरेजवाला

एकटीच काच नवी असेल तर दगडाची गोष्ट पटण्यासारखी आहे. तरी मागचे डावे दार उघडून बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग पाहा. पाना लागलेल्या बोल्टच्या कडांवरून रंग उडालेला असतो. मग दाराच्या चौकटीचे रबर हाताने ओढून काढा आणि आतल्या पत्र्याच्या कडेवरचे कारखान्याचे गोल स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे सांधे) बोटाने चाचपा. उजव्या दाराला जेवढ्या अंतरावर ते लागतात तेवढ्याच अंतरावर डावीकडेही लागले, आणि बोल्टही अस्पर्श निघाले, तर त्या बाजूला काचेखेरीज काही बदललेले नाही.