बेर्थ मोरिझोच्या चित्रातलं पाणी पत्र्यासारखं का दिसतंय?

तैलवेडी: फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकार बेर्थ मोरिझोच्या 'समर्स डे'ची (१८७९) तैलरंगात अभ्यासप्रत चालू आहे. १२ × १६ इंची बोर्ड, सेरुलियन ब्लू, टायटॅनियम व्हाइट. नदी सपाट, खडू फासल्यासारखी दिसते. फॅन ब्रश (पंख्यासारखा पसरट) फिरवला तर आणखी बिघडली. कुठे चुकतंय?

जाडाब्रश: ती नदी नव्हे. पॅरिसच्या बुआ द बुलोन्य या उद्यानातला तलाव आहे. १८८० च्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात चित्र 'बुआ द बुलोन्यमधला तलाव' याच नावाने लागलं होतं. नदी म्हटलं की हात आपोआप आडवे, एका दिशेचे फटकारे मारतो. मोरिझोचे फटकारे नागमोडी आहेत, ब्रश न उचलता डावी-उजवीकडे वळवलेले. पाणी चमकतं ते दोन फटकाऱ्यांमधल्या तुटक कडांमुळे, आणि फॅन ब्रश नेमक्या त्याच पुसतो. तो बाजूला ठेवा. ६ नंबरचा ताठ केसांचा चपटा ब्रश घ्या, निळा, हिरवट आणि करडा असे तीन ढीग आधीच कालवून ठेवा, खालचा थर ओला असतानाच एकेक फटकारा टाका. त्यावर पुन्हा हात नको. रंगांचा चिखल झालाच तर पॅलेट नाइफने खरवडून तेवढा भाग नव्याने.

रंगपेटी: खडूपणा पांढऱ्याचा आहे. त्या काळचा लेड व्हाइट (शिशाचा पांढरा) टायटॅनियमइतका झाकत नाही. तुमचा पांढरा निम्म्यावर आणा. ट्यूबवरचा रंगद्रव्याचा कोडही बघा (पीबी म्हणजे पिगमेंट ब्लू): खरा सेरुलियन पीबी ३५. 'ह्यू' (म्हणजे फक्त तशी छटा) लिहिलेल्या स्वस्त ट्यूबमध्ये बहुधा थॅलो निळा (पीबी १५) असतो, तो चिमूटभर पडला तरी सगळं मिश्रण खातो. चित्रात होडीत बसलेल्या बाईच्या निळ्या कोटात सेरुलियनसोबत कोबाल्ट आणि अल्ट्रामरीनही आहे, तेव्हा एकाच निळ्यावर भागवू नका.

तैलवेडी: ट्यूबवर 'ह्यू'च आहे! बोर्डाचं माप तरी चालेल ना?

जाडाब्रश: मूळ चित्र ४५.७ × ७५.३ सेंमी, म्हणजे बरंच आडवं. १६ इंच रुंदीला उंची साधारण पावणेदहा इंच येते. वरचे सव्वादोन इंच मास्किंग टेपने झाका. ते भरायला गेलात तर वर झाडी नाहीतर खाली पाणी वाढवावं लागेल, आणि होडी चौकटीने कापल्यामुळे आपणही आत बसलोय असं जे वाटतं, ते जाईल.