मदत हवी आहे: ४एए ग्रेडचा गर्भ रुजला नाही, मग ४बीबीवर भरवसा ठेवायचा कसा?

मी डिचोलीची, वय ३७. आयव्हीएफ म्हापशात चालू आहे. फेब्रुवारीत तीन ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवसांचे गर्भ) फ्रीझ झाले: ४एए, ४बीबी आणि सहाव्या दिवसाचा ३बीसी. श्रावणात एए गर्भाशयात घातला. त्या दिवशी फोटो प्रिंट करून दिला होता. साबणाच्या फुग्यासारखा गोल आणि आत एका कडेला दाणेदार गोळा. सासूबाईंनी तो मंगेशीच्या प्रसादाशेजारी ठेवला. बाराव्या दिवशी बीटा एचसीजी (दिवस राहिल्याची रक्ततपासणी) निगेटिव्ह. चवथीला माटोळी बांधताना जो तो विचारत होता, अशी गप्प का?

ही अक्षरं नक्की कशाची? नवरा म्हणतो, उरलेले दोन्ही एकदम घालू. पीजीटी-ए (गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी) करावी का? मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय. "धीर धर" सोडून काहीही सांगा.

म्हार्दोळची जाई: मी यातून गेलेय. माझीही ४बीबीच होती, आता पहिलीत आहे. आकडा १ ते ६, गर्भ किती फुगलाय त्याचा. पहिलं अक्षर आतल्या गोळ्याचं, त्याचं बाळ होतं. दुसरं बाहेरच्या थराचं, त्याची वार होते. ए सगळ्यात चांगलं, सी सगळ्यात खालचं. हे सगळं डोळ्यांनी बघून ठरवतात, त्यामुळे एकाचा बीबी दुसऱ्याला एबी वाटू शकतो. गुणसूत्रांची गडबड मात्र फोटोत दिसतच नाही, आणि आपल्या वयात ती देखण्या एएमध्येही असू शकते. आधी कुठला घालायचा, एवढं ठरवायला ग्रेड कामाची.

पीजीटी-ए गुणसूत्रं तपासते, पण त्यासाठी फ्रीझ केलेला गर्भ वितळवून, बाहेरच्या थरातल्या थोड्या पेशी काढून परत फ्रीझ करावा लागतो. नॉर्मल आला तरी रुजेलच असं नाही. दोनच उरलेत, मी तरी केली नसती. दोन एकदम तर नकोच. जुळी राहिली की दिवस भरण्याआधी बाळंतपण, बीपी, सगळंच वाढतं. डॉक्टरांना गर्भाशयाच्या अस्तराबद्दल आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनबद्दलही विचार.

डिचोलीची: जाईताई, नवऱ्याला वाचून दाखवलं. जुळ्यांचं ऐकून गप्प बसलाय. ३बीसी टाकून तर देणार नाहीत ना? फेब्रुवारीत ठेवणावळ संपते.

म्हार्दोळची जाई: फी भरत राहा. २०२१ च्या कायद्याने १० वर्षांपर्यंत ठेवता येतो. सी असला तरी मूल होतं, फक्त शक्यता कमी. आधी बीबी घाल.

डिचोलीची: बरं. पण या वेळी फोटो घरी आणणार नाही.