मदत हवी आहे : जीएनएमला गेलेल्या बहिणीला केमिस्ट्रीचा पाया कुठनं सुरू करून देऊ?

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूर तालुक्यातले. धाकटी बहीण आर्ट्समधनं सेकंड पीयू म्हणजे बारावी झाली आणि आता बेळगावात जीएनएम नर्सिंगला आहे. त्याला बारावी कुठल्याबी साईडची चालते म्हणून ॲडमिशनला काय अडचण आली न्हाई, पण पहिल्याच वर्षाला ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी आलं, आणि त्या पुस्तकात आयन, मोल, पीएच, बफर हे सगळं पोरींना येतंच असं धरून पुढं लिहिलंय. हिची केमिस्ट्री एसएसएलसीला, म्हणजे दहावीलाच सुटली. इंग्लिश शब्दांना ती घाबरत न्हाई, वहीत लिहून पाठ करते. पण आतलं कळल्याशिवाय पुढं जायला तिला आवडत न्हाई, आणि मला तिची हीच गोष्ट लई आवडते म्हणून विचारायलोय.

मी स्वतः बीकॉम, तरी वाचून वाचून दोघं आयनपर्यंत नीट आलोय. सोडियमकडं ११ इलेक्ट्रॉन, मांडणी २, ८, १, बाहेरचा एकटा सोडला की सोडियम प्लस. क्लोरीनचे १७, मांडणी २, ८, ७, एक घेतला की क्लोराईड मायनस. हे तिला झोपेत विचारलं तरी येतंय. अडतंय ते पुढं बगा.

एक म्हणजे सलाईनची बाटली. वर लिहिलेलं असतं ०.९ टक्के, म्हणजे १०० मिलीत ०.९ ग्रॅम मीठ, लिटरला ९ ग्रॅम, हे आम्ही काढलं. पण खाली सोडियम १५४ आणि क्लोराईड १५४ एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट) लिहितात, ते ९ चं १५४ झालं कसं? आणि क्लोरीनचा अणू सोडियमपेक्षा जड आहे तर दोन्हीकडं सारखाच आकडा का?

दुसरं, रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ आणि ७.० झाला तर जिवावर बेततं म्हणतात, एवढ्याशा फरकानं काय होतंय?

तिसरं, हायड्रोजन बॉण्ड कमजोर म्हणायचं आणि त्याच पानावर डीएनएच्या दोन पट्ट्या त्यानंच धरल्यात म्हणायचं, हे तिला पटत न्हाई. मलाबी न्हाई पटलं. कुणी सोप्या मराठीत सांगेल काय?

प्रतिसाद, निपाणीहून

मी बरीच वर्षं पीयूला केमिस्ट्री शिकवली आहे. तुमच्या बहिणीचे प्रश्न फार चांगले आहेत, खरंच. सलाईनचा प्रश्न आधी सोडवू कारण तो सुटला की बाकीचं बरंचसं आपोआप सरळ होतं.

शरीराला वजनाशी फारसं देणंघेणं नाही, त्याला कण किती आहेत ते कळतं. पण कण मोजणार कसे? तुम्ही कॉमर्सवाले, बँकेत नाण्यांची थैली वजन करून नाणी किती ते काढतात हे तुम्हाला माहीत असेल, एका नाण्याचं वजन ठाऊक असलं की झालं. मोल तेच आहे. सोडियमच्या अणूचं वजन २३, क्लोरीनचं ३५.५, मिळून ५८.५, म्हणून ५८.५ ग्रॅम मीठ म्हणजे एक मोल, त्यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात एवढ्या जोड्या. आता ९ ला ५८.५ नं भागा. ०.१५४ मोल, म्हणजे १५४ मिलिमोल. प्रत्येक जोडीतून एक सोडियम आणि एक क्लोराईड सुटा होतो म्हणून दोघांचा आकडा सारखा, वजन वेगळं असलं तरी. एमईक्यूमध्ये चार्जही धरतात, इथे चार्ज एकच आहे म्हणून १५४ तसाच राहिला, पण कॅल्शियमवर दोन असतात तिथे १ मिलिमोलचे २ एमईक्यू होतात, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

आणि सुटे कण एकूण ३०८ झाले की नाही? रक्तातल्या विरघळलेल्या कणांची संख्याही याच्या आसपासच असते, म्हणून या सलाईनमध्ये तांबड्या पेशी फुगत नाहीत की आकसत नाहीत. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकल्या तर पाणी आत शिरून फुटतात.

आता तिला ओआरएसचं पाकीट द्या. लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, एका मोलचं वजन १८०. तिनंच काढू दे.

प्रतिसाद, बेळगावहून

मी स्टाफ नर्स आहे. दादा, पीएचचं असं आहे की तो आकडा दहाच्या पटीत चालतो, एक उतरला की हायड्रोजन आयन दसपट होतात, ०.३ उतरला की साधारण दुप्पट. ७.४ ला लिटरमध्ये ४० नॅनोमोल (नॅनो म्हणजे अब्जावा भाग) असतात, ७.० ला १००, म्हणजे अडीचपट, आणि शरीरातली एन्झाइम्स एवढं सोसत नाहीत. म्हणून रक्तात बायकार्बोनेट असतं, पुस्तकातलं बफर ते हेच, ते जादा हायड्रोजन आयन धरून त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतं आणि तो श्वासातून बाहेर जातो. ॲसिडोसिसचे, म्हणजे रक्तात ॲसिड वाढलेले पेशंट जोरजोरात श्वास घेताना तिला वॉर्डात दिसतीलच, तेव्हा हे आठवायला सांगा, मग पाठ करावं लागणार नाही.

हायड्रोजन बॉण्ड एकेकटा कमजोरच हो. डीएनएच्या पट्ट्यांवर ए, टी, जी, सी असे चार घटक असतात, समोरासमोरच्या ए-टी जोडीत दोन बॉण्ड, जी-सी जोडीत तीन, पण अशा जोड्या लाखोंनी असल्या की पट्ट्या घट्ट राहतात. आणि कमजोर असायलाच पाहिजेत, नाहीतर पेशी दोन होताना डीएनए उघडणार कसा? पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायच्या टेस्टमध्ये, ९५ डिग्रीला दोन्ही पट्ट्या सुट्या होतात पण प्रत्येक पट्टी स्वतः तुटत नाही, कारण ती कोव्हॅलंट बॉण्डनं, म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेल्या पक्क्या बॉण्डनं जोडलेली असते.

धागाकर्ता

सर, ताई, लई उपकार झाले. ग्लुकोज तिनं काढलं, ०.०७५ मोल म्हणजे ७५ मिलिमोल, आणि पाकिटावर बी ७५ च आहे, तिला किती आनंद झाला काय सांगू. पण सोडियम बी ७५ लिहिलंय आणि मीठ तर २.६ ग्रॅमच आहे, भागलं की ४४ च येतंय. उरलेलं कुठनं आलं?

निपाणीहून

पाकिटावर आणखी एक नाव आहे बघा, ट्रायसोडियम सायट्रेट, २.९ ग्रॅम. त्याच्या एका मोलचं वजन २९४, म्हणजे सुमारे १० मिलिमोल, आणि एकेकातून तीन सोडियम सुटतात. ३० झाले. ४४ त मिळवा, ७५ च्या जवळ येतं. ग्लुकोज आणि सोडियम सारखेच ठेवलेत कारण आतड्यातून ते एकमेकांसोबत आत घेतले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. ग्लुकोज पाण्यात फुटून आयन होत नाही, ते कोव्हॅलंट आहे, म्हणून त्याचे ७५ ते ७५ च.

राहिलं पोटॅशियम क्लोराईड, १.५ ग्रॅम, एका मोलचं वजन ७४.५. त्यातलं पोटॅशियम आणि मग पाकिटातलं एकूण क्लोराईड तिला एकटीला काढू द्या. क्लोराईड ६५ च्या आसपास यायला पाहिजे.