पैठणीची छायाचित्रे हलकी करताना जरीची रेघ पुसट होते, काय करावे?

प्रश्न
नमस्कार. येवल्यातील आमच्या घरच्या पैठण्यांसाठी मी संकेतस्थळ तयार केले आहे. एका पानावर बारा छायाचित्रे आहेत. प्रत्येक ४००० बाय ३००० पिक्सेलचे आणि साधारण ५ एमबीचे. मोबाइलवर पान उघडायला इतका वेळ लागतो की गिऱ्हाईक मध्येच निघून जाते. एका ॲपने फाइली लहान केल्या, तर लाल पदरावरच्या जरीच्या रेघा फिसकटल्या. जरीची रेघ नीट दिसली नाही, तर पैठणी घेणार कोण?

प्रतिसाद १
आधी लांबी-रुंदी कमी करा, कॉम्प्रेशनचे, म्हणजे फाइल दाबून लहान करण्याचे, नंतर पाहा. मोबाइलवर १२०० पिक्सेल रुंदी पुरेशी होते, आणि तेवढ्याने पिक्सेल १ कोटी २० लाखांवरून सुमारे ११ लाखांवर येतात. सीएसएसने, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडने, चित्र लहान दाखवले, तरी ब्राउझर मूळ फाइल पूर्णच उतरवून घेतो. डीपीआयचा (एका इंचात किती ठिपके) आकडा छपाईसाठी असतो. त्याकडे लक्ष देऊ नका.

प्रतिसाद २
रेघा फिसकटण्याचे कारण बहुधा क्रोमा सबसॅम्पलिंग असावे. डोळ्यांना उजेडातला फरक जितका बारकाईने कळतो तितका रंगातला कळत नाही, म्हणून जेपेगमध्ये बहुतेक वेळा चार पिक्सेलांना मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात. निसर्गचित्रात हे खपून जाते, पण लालावरच्या बारीक सोनेरी रेघेत दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात. पदराच्या जवळून घेतलेल्या चित्रांसाठी ४:४:४ हा पर्याय (प्रत्येक पिक्सेलच्या रंगाची वेगळी नोंद) आणि ८० ते ८५ क्वालिटी ठेवा. फाइल थोडी वाढेल, ती वाढू द्यावी. लॉसी वेबपीमध्ये, म्हणजे थोडा तपशील गाळून फाइल लहान करणाऱ्या वेबपी या चित्रप्रकारात, ४:४:४ ची सोयच नाही, त्यामुळे तो प्रकार पूर्ण साडीच्या चित्रांपुरता वापरावा. 'स्क्वूश' या चित्रे लहान करण्याच्या ऑनलाइन साधनात मूळ आणि नवे चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. मात्र सुरुवात कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलीपासूनच करा, कारण एकदा गेलेला तपशील परत येत नाही.

प्रतिसाद ३
पानाच्या कोडमध्ये प्रत्येक चित्राला विड्थ (रुंदी) आणि हाइट (उंची) लिहा, म्हणजे चित्रे येताना पानावरचा मजकूर खाली-वर सरकणार नाही. खालच्या चित्रांना लेझी लोडिंग लावा, म्हणजे वाचक तिथवर येऊ लागला की मगच ती उतरतील. सर्वांत वरच्या चित्राला लावू नका, नाहीतर तेच उशिरा येईल.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. बांगडी मोर पदराचे एक छायाचित्र मूळ फाइलीवरून पुन्हा केले. ते आता ३०० केबीच्या आत आले असून मोराच्या मानेभोवतीची जरीची रेघ स्वच्छ वेगळी दिसते. उरलेली अकरा आज रात्री करतो.