‘प्रभूच्या हाती सोडलं’ म्हणता, त्या दिवशी काय करता? (अनुभव धागा)

रविवारी उपासनेनंतर चहा घेताना विषय निघाला आणि अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडते. ‘प्रभूच्या हाती सोडलंय’ असं आपण सगळेच म्हणतो. पण सोडल्यावर आपले हात रिकामे होतात, त्यांचं काय करता? उपदेश नको, बायबलमधल्या वचनांची यादीही नको (ती सगळ्यांना पाठ आहे). घडलेलं लिहा.

माझ्यापासून सुरुवात. दापोलीजवळ आमची हापूसची चाळीस कलमं आहेत. मोहर आला की नवऱ्याला सांगायचे, ‘प्रभू बघेल’, आणि स्वतः रात्री दोनला उठून मोबाइलवर ढग बघत बसायचे. मळभ आलं की तुडतुडे वाढतात, मोहर काळा पडतो, सगळं खरं. पण रात्री दोनला त्यावर काय करणार? याकोबाच्या पत्रात, चौथ्या अध्यायात, ‘उद्या अमुक गावी जाऊ, व्यापार करू’ म्हणणाऱ्यांना सांगितलंय की ‘प्रभूची इच्छा असेल तर’ म्हणा. ते वाचल्यापासून हवामान दिवसातून एकदाच बघते, सकाळी, प्रार्थना झाल्यावर. फवारणीचं ठरवायचं ते तेव्हाच. आधी बघितलं तर प्रार्थना ढगांचीच होते. नियम महिन्यातून दोनतीनदा मोडतो, खोटं कशाला बोलू.

उत्तनची नाखवीण
ऑक्टोबर 2019, क्यार वादळ. आमची बोट बाहेर आणि फोन लागेना. सासूबाईंनी रोझरीची जपमाळ काढली, मीही बसले. पण किती ‘नमो मारिया’ झाल्या तेच कळेना. बोटं एकाच मण्यावर, कान दाराकडे. तिसऱ्या दिवशी देवगडहून फोन आला, बोट बंदरात शिरली होती.

पुढे चर्चमध्ये एका मिस्सेत मार्कच्या चौथ्या अध्यायातलं वादळ वाचलं गेलं. शिष्य घाबरून ओरडतायत आणि येशू उशीवर डोकं ठेवून झोपलेला. मला त्या झोपेचाच राग यायचा. घरी येताना नाखवा म्हणाला, “झोपला कुठे, ते ऐकलंस ना? वरामावर. सुकाणूपाशी, तांडेलाच्या जागेवर.” जन्मभर बोटीवर राहिलेल्या माणसालाच हे दिसणार!

आता 1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठून बोट सुटायची वेळ झाली की लाइफ जॅकेटं मी स्वतः मोजते, वायरलेस चालू करून बघायला लावते. मणी मग घरी आल्यावर.

चिपळूण, कापडवाला
22 जुलै 2021. वाशिष्ठीचं पाणी दुकानात पंख्याला लागलं. आम्ही वर माळ्यावर, खाली ताग्यांवर तागे तरंगताना दिसत होते. तिसऱ्या दिवशी एक ओळखीचे गृहस्थ कोरड्या पायांनी आले आणि म्हणाले, “यातही देवाची योजना असेल.” असेलही. पण ते त्यांनी माझ्या चिखलात उभं राहून सांगायचं नव्हतं. राग अजून आहे, माफ करा. स्तोत्र 46 मी वर्षभर उघडलं नाही, त्यात पाणी गर्जतं.

त्या दिवशी काय केलं, तर चिखल काढला. आमच्या मंडळीतल्या बायका खराटे आणि घमेली घेऊन आल्या. एकीनेही वचन सांगितलं नाही. दुपारी पिठलं-भाकरी आली. दिवसभरात प्रार्थना झाली ती तेवढीच, जेवणाआधीची, दोन ओळींची.

कोर्लईचा नातू
पोर्तुगीज 1740 मध्ये गेले, पण आमच्या गावात त्यांच्या बोलीतून झालेली ‘नौ लिंग’ अजून घरात बोलतात. आजी त्याच बोलीत देवाशी बोलायची आणि मराठीत आम्हाला ओरडायची. तिचं धोरण सोपं होतं. आधी वांग्यांच्या वाफ्याला कुंपण, मग प्रार्थना. “बकऱ्या हाकायला देवाला बोलावू नये.”

दापोलीकरीण (धागा काढणारी)
चिपळूणकर, कोरड्या पायांनी तसं बोलणाऱ्यांत मीही कधीतरी असणार. लिहिलंत ते बरं केलंत.

वेंगुर्ल्याहून
लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. मी रोज ‘उद्याची चिंता करू नका’ वाचत होते आणि आमचे हे विम्याचे कागद, बँकेचं पासबुक, आधारच्या झेरॉक्स असं सगळं एका पिशवीत लावत होते. मी चिडले. म्हटलं, तुमचा विश्वासच नाही. हे काही बोलले नाहीत, फक्त पिशवीला नाडी बांधली.

रिपोर्ट चांगला आला नाही. त्या दिवशी दवाखान्यातल्या खिडकीवर एकेक कागद मागितला गेला आणि एकेक त्या पिशवीतून निघाला. मी बाकड्यावर बसून नुसती बघत होते. बऱ्याच दिवसांनी नीट प्रार्थना झाली ती तिथेच, त्या बाकड्यावर.

उद्या चौथा केमो. सहाची एसटी आहे. पिशवी दाराच्या खुंटीला लावलीय, पेजेसाठी उकडे तांदूळ काढून ठेवलेत. आज चाचण्या बऱ्या आल्या, एवढं कळवते. झोपते आता.